पेन घरी ठेवून जा

"पालकांना पडलेलीच नाहीये, ताई," असं तू लिहिलंस. अगं, सकाळी अकराची पालकसभा म्हणजे बांधकामावरच्या बाईचा रोज बुडाला. अर्धा दिवस गेली तरी मुकादम अख्खी हजेरी कापतो. ती येणार कशी? संध्याकाळी चुली पेटल्या की साइटवर जायचं, हे तुला सांगायला नको. माझं दुखणं दुसरंच आहे.

आठ मुलांचे शाळाप्रवेशाचे फॉर्म तूच भरलेस, हे तू कौतुकाने कळवलंस. मला ते आवडलेलं नाही.

मीही भरायचे. वाघोलीच्या एका लेबर कॅम्पात यादगीरकडचं कुटुंब होतं. मुलीला शाळेत घालताना हेडमास्तरांशी मी बोलले, फॉर्म मी भरला; आई दाराबाहेर चपला काढून उभी. आत बोलावलं असतं तर आली असती, पण मला घाई होती. मॅडम किती करतात म्हणून सगळ्यांनी वाखाणलं, मीही फुशारले. आठ महिन्यांनी काम संपलं, ठेकेदाराने बिऱ्हाडं मोशीला हलवली. वर्षाने मी तिकडे गेले, तर पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन रेतीच्या ढिगावर. शाळेत का नाही घातली? आई म्हणाली, "तुम्ही नव्हता ना."

शाळा सोडल्याचा दाखला मागून घ्यायचा असतो हे तिला ठाऊकच नव्हतं. मागायची वेळ मी तिच्यावर कधी येऊ दिली होती?

म्हणून सांगते, बोलायचं तिने. मोडकं मराठी, अर्धं कन्नड, काहीही चालेल. तू मागे उभी राहा.

कायदा तुला पाठ आहे, तो तिला पाठ असायला हवा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला तरी नव्या शाळेने मुलाला बसवून घ्यायचं, तेही वयाप्रमाणे. नऊ वर्षांची पोर पहिलीत नाही. महापालिकेच्या शाळेतल्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका लागतात. समितीचं नंतर बघू. आधी दाखल्याचं एक वाक्य तिच्या तोंडी बसव. तिच्या भाषेतली एखादी शेजारीण ते तुझ्यापेक्षा बरं शिकवेल.

मला कठोर म्हणतात, म्हणोत. एका आईला ऑफिसात कितीतरी वेळ शब्द फुटेना, पदराचं टोक पिळत राहिली, आणि मी गप्प. बरोबरच्या बाई अजून टोमणा मारतात. पण शेवटी "पोराचा दाखला द्या" हे तीच म्हणाली ना? त्या रात्री मला झोप लागली नाही, हे मात्र त्यांना सांगितलेलं नाही.

बोलायचं तिने. किती वेळा लिहू?

दमली आहेस, कळतंय. डबा नेत जा, वडापाववर दिवस काढू नकोस. आणि गुरुवारी शाळेत जाताना पेन घरी ठेव. तिला लिहिता येत नसेल तर ती कारकुनाला सांगेल, तो लिहील. वेळ लागेल. त्या दिवशी दुसरं काम घेऊ नकोस.