सही तुमची, तर केस पण तुमच्यावरच

बघा भाऊ, तुमचा प्रश्न असा की इंदूरच्या एका फ्लाइंग स्कूलमधे तुम्ही एएमई (विमानाची देखभाल तपासून सही करणारे इंजिनियर) आहात, सेकंडहँड सेसना १५२ हे ट्रेनिंगचं छोटं विमान आलंय, त्यात रडर-स्टॉपचं (शेपटीचं सुकाणू हद्दीपलीकडे वळू नये म्हणून असलेल्या अडथळ्याचं) नवं किट नाही, आधीच्या मालकानं ‘स्पिन (गिरक्या घेत खाली येणं) करू नये’ अशी पट्टी लावून भागवलं होतं, पेंटिंगमधे ती पट्टी पण गेली, आणि आता मॅनेजर म्हणतो किट बसवलं असं लॉगबुकात लिहून सही ठोका, नाहीतर बॉण्डचे दोन लाख भरा आणि चला.

सही करू नका. एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचा, २००९-१०-०९ नंबरचा डायरेक्टिव्ह (सुरक्षेचा सक्तीचा आदेश) उगाच नाही आला, रडर स्टॉपच्या पलीकडे जाऊन अडकल्याच्या अपघातांनंतर आलाय. अन् त्यात किट नसेल तर पट्टीचा रस्ता दिलेलाच आहे! म्हणजे पट्टी परत लावा, तसंच लॉगबुकात लिहा, स्पिन बंद, काम कायदेशीर, खर्च चहापाण्याइतका. मॅनेजरला हे का नकोय? मला तर वाटतं त्याला पोरांकडून स्पिन करवून घ्यायचेत. ‘तो अमेरिकेचा कागद आहे’ म्हणाला तर ऐकू नका, विमान ज्या देशाच्या डिझाइनचं त्या देशाचा डायरेक्टिव्ह डीजीसीए (आपलं विमान वाहतूक नियामक खातं) आपल्याकडेही बंधनकारक धरते.

न केलेलं काम केलं म्हणून सर्टिफाय करणं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम २३४, खोटं सर्टिफिकेट, शिक्षा खोट्या साक्षीइतकी. आणि देव न करो, कुणी गेलं तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. ‘साहेबांनी सांगितलं’ हा बचाव कोर्टात चालत नाही, लायसन्स जाईल ते वेगळंच.

बॉण्डला एवढं घाबरू नका. कॉन्ट्रॅक्ट अॅक्टच्या कलम २३ प्रमाणे बेकायदेशीर कामाचा करार मुळातच रद्द, त्यामुळे खोटी सही नाकारली हा काही तुमचा करारभंग होत नाही. आणि कलम ७४ म्हणतं की कागदावर आकडा काही असो, मिळते ती वाजवी भरपाईच, म्हणजे तुमच्या ट्रेनिंगवर त्यांनी खरंच काय खर्च केला ते त्यांना दाखवावं लागेल.

आजच मॅनेजरला ईमेल करा (फोनवर नको, व्हॉट्सअॅप कॉलवर तर मुळीच नको) की किट नाही, पट्टी नाही, म्हणून रिलीज (उड्डाणासाठी मंजुरीची सही) देत नाही. लॉगबुकाच्या त्या पानाचा फोटो काढून ठेवा पण लॉगबुक घरी नेऊ नका, उलटी चोरीची तक्रार व्हायची. तरीही विमान उडवलं तर डीजीसीएच्या भोपाळ ऑफिसला लेखी कळवा.

राजीनामा मात्र अजून देऊ नका. आधी बॉण्ड अन् अपॉइंटमेंट लेटर पाठवा, ते वाचल्याशिवाय दोन लाखांबद्दल मी यापुढे काही बोलणार नाही.