युद्धोत्तर शहरी मध्यमवर्गाचं ढोंग दाखवणारा, बऱ्याच पात्रांचा एखादा ब्लॅक कॉमेडी सिनेमा सुचवाल का?

एकच सुचवायचा तर जपानी दिग्दर्शक युझो कावाशिमा यांचा 'एलिगंट बीस्ट' (1962). मूळ जपानी नाव 'शितोयाकाना केदामोनो'. शोधताना दोन्ही टाकून बघा. पटकथा कानेतो शिंदो यांची.

टोकियोतल्या एका मोठ्या वसाहतीतला लहानसा फ्लॅट. पाहुणे येणार म्हणून नवरा-बायकोची आवराआवर चाललीय, पण उलटी! महागाच्या वस्तू आत दडवायच्या, अंगावर जुनेपाने कपडे चढवायचे. कारण मुलाने नोकरीच्या ठिकाणी, कलाकारांच्या एका एजन्सीत, पैसे खाल्लेत आणि मालक जाब विचारायला येतोय. मग आईवडील अशा काही अदबीने, कमरेत वाकून दिलगिरी व्यक्त करतात की ओरडणारा मालकच असंस्कृत वाटायला लागतो. मुलगी एका नावाजलेल्या लेखकाने ठेवलेली. राहतं घरही त्याच्याच कृपेचं. बाप माजी नौदल अधिकारी, आणि या सगळ्या कारभाराचा सूत्रधार तोच.

मालक पोलिसांत का जात नाही? त्यानेही कर बुडवलाय आणि कर अधिकाऱ्याला पैसे चारलेत. इथे प्रत्येकाची शेंडी दुसऱ्याच्या हातात आहे.

पण माझ्या मते या सगळ्यांची गुरू म्हणजे एजन्सीची हिशेबनीस, युकिए. आयाको वाकाओने ती काय केलीय! मालक, हा मुलगा, तो कर अधिकारी, सगळ्यांशी तिचे संबंध. सगळ्यांच्या पैशातून तिने स्वतःचं हॉटेल उभं केलंय. आणि कायद्याने तिला कुणी हात लावू शकत नाही, कारण चोरी पुरुषांनी केली, हिने फक्त भेट स्वीकारली. आवाज न चढवता ती हे समजावून सांगते तेव्हा तिच्याविरुद्ध मुद्दा सुचत नाही, हा सिनेमाचा खरा खट्याळपणा.

मधेच बाप युद्धानंतरच्या दिवसांबद्दल बोलतो. गळकं खोपट, पोटाला धड काही नाही. ते जिणं परत नको म्हणतो, आणि घरात कुणी चकार शब्द काढत नाही. 1960 मध्ये जपान सरकारने दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याची योजना जाहीर केली होती. टीव्ही, फ्रीज घरोघर येत होते. त्या भरभराटीच्या पोटात ही भीती होती. त्या भीतीमुळे या कुटुंबाची लबाडी समजते, माफ मात्र होत नाही. शिंदोंनी तेवढा तोल सांभाळलाय.

जवळजवळ सगळा सिनेमा त्या फ्लॅटमध्येच घडतो. आपल्याला दिवाणखान्यातल्या नाटकांची सवय, त्यामुळे 'चित्रित केलेलं नाटक' असेल अशी शंका येईल. तसं नाही. कॅमेरा छतावरून, जमिनीलगत, खिडकीबाहेरून, कुठूनही डोकावतो, जणू शेजारीच कान लावून बसलेत. पार्श्वसंगीतात नोह या जपानच्या पारंपरिक नाट्यप्रकारातले ढोल आणि आरोळ्या. भाऊबहीण बेभान नाचतायत आणि मागे आईबाप शांतपणे जेवतायत, हा प्रसंग तर मी रिवाइंड करून पुन्हा पाहिला.

शेवट सांगत नाही. गुन्हेगाराला शिक्षा झाल्याशिवाय चैन पडत नसेल, किंवा जीव लावायला एक तरी भला माणूस हवा असेल, तर हा सिनेमा तुमच्यासाठी नाही. संवाद भराभर येतात, सबटायटल वाचताना दमछाक होते. जेवता जेवता बघायला घेऊ नका.