आयटीत डॉक्टरेट: पीएच.डी. की व्यावसायिक पदवी?

प्रश्न : पुण्यात सोल्यूशन आर्किटेक्ट आहे. १७ वर्षांचा अनुभव, एम.टेक.ला ५८ टक्के. पुढेमागे शिकवायचंही मनात आहे. नोकरी न सोडता पीएच.डी. करावी, की उद्योगातल्या लोकांसाठी असते ती व्यावसायिक डॉक्टरेट?

उत्तर : आधी एक गैरसमज दूर करू. व्यावसायिक डॉक्टरेट म्हणजे संशोधन वगळलेली पीएच.डी. नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय पात्रता चौकटीत दोन्ही पदव्या एकाच, म्हणजे १०व्या पातळीवर आहेत आणि व्यावसायिक डॉक्टरेटमध्येही किमान २ वर्षांइतकं संशोधन असावं लागतं. फरक पडतो तो प्रश्न कुठून येतो आणि उत्तर कुणाला पटवायचं, यात. पीएच.डी.चा प्रश्न त्या विषयातल्या आधीच्या कामातली उणीव हेरून निघतो. व्यावसायिक डॉक्टरेटचा प्रश्न कामाच्या जागेवर निघतो आणि त्याच्या उत्तराने त्या क्षेत्राची कामाची रीत सुधारली, हे दाखवावं लागतं.

तुमच्याच कामातलं उदाहरण घेऊ. सपोर्टची तिकिटं, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींच्या नोंदी, आपोआप योग्य टीमकडे पाठवणारी प्रणाली तुम्ही बांधलीत. हा झाला प्रोजेक्ट; कितीही चांगला चालला तरी यावर कुठलीच डॉक्टरेट मिळणार नाही. अशी प्रणाली आणल्यावर टीमची कामाची वाटणी कशी बदलते, कुठे फसते आणि दुसऱ्या कंपनीने ती आणताना काय पाळावं, हे पुराव्यानिशी मांडलंत तर तो व्यावसायिक डॉक्टरेटचा विषय होतो. आता पुढे जा. एकाच तिकिटावर दोन इंजिनियर वेगवेगळी लेबलं लावतात; अशा गोंधळलेल्या लेबलांवर शिकवलेलं मॉडेल किती आणि का चुकतं, आधीच्या पद्धतींपेक्षा कोणती पद्धत ही चूक कमी करते, आणि तुमच्या कंपनीबाहेरच्या डेटावरही ती टिकते का? हा पीएच.डी.चा प्रश्न. तिन्हींत कोड जवळपास तोच असेल. मुलाखतीत बहुतेक अनुभवी मंडळी नेमकी इथे अडकतात. ती प्रणालीची आकृती दाखवतात आणि समिती विचारते, “यात प्रश्न कुठला?”

भारतात मात्र ही निवड कागदावर दिसते तितकी मोकळी नाही. माहिती तंत्रज्ञानातली वेगळी व्यावसायिक डॉक्टरेट आपल्याकडे रुजलेलीच नाही. अनुभवी माणसासमोर खरा पर्याय असतो तो पूर्णवेळ की अर्धवेळ पीएच.डी. हाच. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नोव्हेंबर २०२२च्या नियमांनी अर्धवेळ पीएच.डी.ला स्पष्ट मुभा दिली आहे, पण कंपनीचं ना-हरकत पत्र (एनओसी) लागतं. एचआरकडून येणारं ‘आमची हरकत नाही’ एवढं एका ओळीचं पत्र पुरत नाही. अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, कामाचं स्वरूप संशोधनाला पुरेसा वेळ देतं आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी, म्हणजे सुरुवातीच्या नेमून दिलेल्या अभ्यासासाठी, मोकळं केलं जाईल, या तिन्ही गोष्टी त्यात लिहिलेल्या हव्यात. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं आणि त्यात ५५ टक्के मिळवावे लागतात.

तुमचे ५८ टक्के पात्रतेला पुरतात, कारण पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात आणि राखीव प्रवर्गांना ५ टक्के सूट आहे. प्रवेश विद्यापीठाच्या ‘पेट’ या पीएच.डी. प्रवेश परीक्षेतून मिळतो. तिचा निम्मा भाग संशोधनपद्धतीवर आणि निम्मा विषयावर असतो. पात्र ठरायला ५० टक्के लागतात, मग परीक्षेला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के भारांक. अनुभवी लोक विषयात तरतात आणि संशोधनपद्धतीत, विशेषतः संख्याशास्त्राच्या साध्या प्रश्नांत, गुण घालवतात. जून २०२४पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुणही पीएच.डी. प्रवेशासाठी धरले जातात, त्यामुळे संगणकशास्त्राची नेट दिली तर एका अभ्यासात दोन दारं उघडतात.

वेळेचं गणित आधीच मांडा. किमान मुदत ३ वर्षं, कमाल ६. पुनर्नोंदणी केल्यास आणखी २, म्हणजे एकूण ८. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना १० वर्षांपर्यंत. पूर्णवेळ विद्यार्थी आठवड्याला ४० तास आणि वर्षाला ४५ आठवडे धरला तर ३ वर्षांत ५,४०० तास देतो. तुम्ही आठवड्याला १५ तास दिलेत तर तेवढ्याच तासांना बरोबर ८ वर्षं लागतात, म्हणजे कमाल मुदतीच्या काठावर. शिवाय दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते, आणि रिलीजच्या आठवड्यात पुढे ढकललेलं काम पुढच्या सत्रातही होत नाही. म्हणून कोर्सवर्कला दीड-दोन महिने आणि प्रबंध लिहिताना सलग तीन महिने रजा मिळेल का, हे नोंदणीआधी मॅनेजरशी बोलून घ्या. दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर नोंदणी वर्षभर लांबवलेली बरी.

बरेच प्रबंध डेटाच्या परवानगीवर अडतात. पीएच.डी.चा प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर सर्वांना वाचायला खुला होतो, आणि तुम्ही कंपनीशी केलेला गोपनीयतेचा करार त्याच्या आड येतो. चौथ्या वर्षी लीगल विभागाने हात वर केले की प्रबंधातलं त्या डेटावरचं सगळं प्रकरण पुन्हा लिहावं लागतं. त्यामुळे पहिल्याच वर्षी लेखी ठरवा: कोणता डेटा, नावं काढून टाकलेला की मूळ, प्रबंधात काय छापायचं, पेटंटजोगं काही निघालं तर हक्क कुणाचा. त्याहून सुरक्षित उपाय म्हणजे मुख्य प्रयोग खुल्या डेटासेटवर करायचे आणि कंपनीचा डेटा फक्त पडताळणीपुरता ठेवायचा. मग परवानगी हुकली तर एक प्रकरण जातं, प्रबंध राहतो.

गाइड निवडताना मोठं नाव पाहण्याआधी शोधगंगेवर त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडून बघा. अर्धवेळ विद्यार्थी किती पार पडले ते विचारा. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात, आणि निवृत्तीला ३ वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. निवृत्तीची तारीख विचारणं उद्धटपणाचं नाही; पाचव्या वर्षी गाइड बदलावा लागला तर काय होतं ते ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा.

शिकवण्याचं म्हणाल, तर केवळ त्यासाठी डॉक्टरेटची गरज आहेच असं नाही. यूजीसीच्या २०२२च्या ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ योजनेत १५ वर्षांचा, वरिष्ठ पातळीवरचा अनुभव बघतात. औपचारिक पदवीची अट नाही. मुदत जास्तीत जास्त ४ वर्षं. आधी तो अर्ज करा आणि वर्गात उभं राहणं मानवतं का ते बघा.

प्रश्न : सांगलीजवळच्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. परदेशी विद्यापीठाची ‘१८ महिन्यांत ऑनलाइन डॉक्टरेट’ अशी जाहिरात रोज मोबाइलवर येते. बढतीसाठी चालेल का?

उत्तर : नाही. सहयोगी प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. लागते आणि भारतात ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने पीएच.डी. करताच येत नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये यूजीसी आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद) या दोघांनी मिळून सूचनाच काढली होती की परदेशी संस्थांबरोबर एडटेक कंपन्या चालवतात त्या ऑनलाइन पीएच.डी.ना मान्यता नाही. एप्रिल २०२५च्या, परदेशी पदव्यांच्या समकक्षतेच्या नियमांतही फ्रँचायझी पद्धतीने मिळवलेल्या पदव्या बाहेर ठेवल्या आहेत.

जाहिरातीतलं दुसरं नाव बहुधा डीबीए असतं. ती व्यवस्थापनाची व्यावसायिक डॉक्टरेट. चांगल्या विद्यापीठांतही ती असते आणि कंपनीतल्या वरिष्ठाला उपयोगीही पडू शकते, पण संगणक विभागातल्या बढतीच्या फायलीत ती तुमच्या कामाची नाही. फी भरण्याआधी विक्रेत्याला एकच विचारा: “ही पदवी एआयसीटीईच्या पदासाठी पीएच.डी. म्हणून धरली जाते, असं लेखी द्याल का?” त्यानंतरचे फोन बहुधा कमी होतात.

तुमच्या विद्यापीठाची अर्धवेळ पीएच.डी. हाच मार्ग. शोधनिबंधांबद्दल एक सावधगिरी. २०२२च्या नियमांनी प्रबंधाआधी निबंध छापण्याची सक्ती काढली, पण विद्यापीठ स्वतःच्या नियमावलीत ती ठेवू शकतं. ती नियमावली मिळवून वाचा. यूजीसी-केअर ही मान्य जर्नलांची यादी २०२५मध्ये बंद झाल्यापासून ‘केअर लिस्टेड’ म्हणून पैसे घेणाऱ्या जर्नलांना अर्थच उरलेला नाही.

प्रश्न : मुलगी नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला एम.एस्सी. करते आहे. तिथे एंजडी (इंजिनियरिंग डॉक्टरेट, EngD) की पीएच.डी., असा पेच आहे. एंजडी ही डॉक्टरेटच ना?

उत्तर : नाव एक, वस्तू दोन. ब्रिटनमध्ये १९९२पासून असलेली एंजडी ही सुमारे ४ वर्षांची खरी डॉक्टरेट आहे; विद्यार्थी सुमारे तीन चतुर्थांश वेळ कंपनीत काढतो आणि शेवटी प्रबंध देतो. नेदरलँड्समधली एंजडी ही २०२२पर्यंत पीडीएंग म्हणून ओळखली जायची. ती म्हणजे एम.एस्सी.नंतरचा २ वर्षांचा, पगारी, डिझाइनवर भर देणारा प्रशिक्षणक्रम आहे आणि तिचा मोठा प्रकल्प उद्योगातला असतो. सॉफ्टवेअर आर्किटेक्ट म्हणून तिथेच नोकरी करायची तर ती उत्तम, आणि वेळ पीएच.डी.च्या निम्माच जातो, कारण तिकडची पीएच.डी. साधारण ४ वर्षांची, तीही पगारी. पण डच एंजडीनंतर नावाआधी ‘डॉ.’ लागत नाही आणि भारतात परतून प्राध्यापक व्हायचं असेल तर ती पीएच.डी.च्या जागी धरून चालू नका. परतण्याची थोडी जरी शक्यता असेल तर पीएच.डी.

प्रश्न : वय २८, नागपूर, चार वर्षं टेस्टिंगमध्ये. नोकरी सोडून पूर्णवेळ पीएच.डी. परवडेल का?

उत्तर : जेआरएफ (नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली २ वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय नियमाप्रमाणे घरभाडे. खुल्या प्रवर्गातल्या पुरुषांना जेआरएफची वयोमर्यादा ३० आहे, त्यामुळे त्यात बसत असाल तर तुमच्याकडे जेमतेम तीन-चार संधी उरतात. आयआयटी, व्हीएनआयटीसारख्या ठिकाणी गेट या अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय परीक्षेतल्या गुणांवर टीचिंग असिस्टंटशिपही मिळते, म्हणून नेट आणि गेट या दोन्ही परीक्षांचे अर्ज करा. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आपापल्या घटकांसाठी आहेत. पण त्या नोंदणीनंतर मिळतात आणि हप्ते उशिरा येऊ शकतात. राजीनाम्याआधी किमान आठ महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, आणि राजीनामा प्रवेश पक्का झाल्याचं पत्र हातात पडल्यावरच द्या.