मराठी नाना, हिंदी नाना आणि ‘नाना प्रकार’

प्रश्न असा आहे: ‘माझ्या वडिलांना गावभर नाना म्हणतात. बायको इंदूरच्या हिंदीभाषक घरातली. आमचा मुलगा आजोबांना नाना म्हणायला लागला, तेव्हा सासरवाडीचे म्हणाले, हे तर दादाजी झाले, नाना म्हणजे आईचे वडील. मग मराठीतले नाना आले कुठून? हिंदीतले आणि आपले नाना एकच का? आणि “नाना प्रकार” मधल्या नानाचा या दोघांशी काही संबंध आहे का?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते पक्कं आहे. काहीही संबंध नाही. ‘नाना प्रकार’, ‘नाना तऱ्हा’, ‘नाना परी’ यांतला नाना हे संस्कृत अव्यय आहे आणि त्याची व्युत्पत्ती पाणिनीनेच देऊन ठेवली आहे. ‘विनञ्भ्यां नानाञौ नसह’ (५.२.२७) असं ते सूत्र आहे. ‘सोबत नसणं’ या अर्थी ‘वि’ला ‘ना’ प्रत्यय लागून विना होतो आणि नकारवाचक ‘न’ला ‘नाञ्’ लागून नाना होतो. म्हणजे पाणिनीच्या लेखी विना आणि नाना ही जुळी भावंडं. मूळ अर्थ ‘एकत्र नाही ते’, म्हणून वेगवेगळं, म्हणून निरनिराळं, म्हणून अनेक.

जुळेपणाचा पुरावा एका गंमतीदार वाक्यात टिकून आहे. तेराव्या शतकात देवगिरीला, यादवांच्या राज्यात, हेमाद्रीच्या आश्रयाला असलेला वोपदेव हा मोठा वैयाकरण. त्याच्या व्याकरणात उदाहरण येतं: ‘नाना नारीं निष्फला लोकयात्रा’. आजचा मराठी वाचक पहिल्या दोन शब्दांवरच अडखळेल आणि अनेक स्त्रियांची भानगड समजेल. पण इथे नाना म्हणजे विना. ‘स्त्रीवाचून संसार निष्फळ’ एवढंच त्याला म्हणायचं आहे. मराठीने ‘वेगवेगळे’ हा अर्थ ठेवला आणि ‘वाचून’ हा अर्थ सोडून दिला.

आता हाकेचा नाना. इथे ऋग्वेदातली एक ऋचा दाखवल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. नवव्या मंडलातलं ११२वं सूक्त, तिसरी ऋचा:

‘कारुरहं ततो भिषगुपलप्रक्षिणी नना ।
नानाधियो वसूयवोऽनु गा इव तस्थिम ॥’

मी कवनं करणारा, बाप वैद्य, आई दगडावर धान्य भरडणारी. धन मिळवायला निघालेले आम्ही नाना बुद्धींचे, गुरांमागे जावं तसे आपापल्या उद्योगामागे लागलो आहोत. पहिल्या ओळीच्या शेवटी ‘नना’ आहे, म्हणजे आई. लगेच दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला ‘नाना’, म्हणजे वेगवेगळे. दोन्ही शब्द एकमेकांना खेटून उभे आहेत आणि एकमेकांचे कोणी लागत नाहीत. बापाला ‘तत’ म्हटलंय, तेही पाहा. आपल्या ‘तात’चाच हा गोतावळा. तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरातली, लेकरांच्या तोंडची बोली त्या एका ओळीत सापडते. पितृ आणि मातृ हे भारदस्त शब्द होतेच, पण इथे कवी घरातल्यासारखा बोलतो.

या ‘नना’च्या गोतातला एक शब्द मराठीत रोज ऐकू येतो: नणंद. संस्कृतात ननान्दृ. ऋग्वेदातल्या विवाहसूक्तात नव्या नवरीला ‘ननान्दरि सम्राज्ञी भव’ असा आशीर्वाद आहे, नणंदेवर राज्य कर म्हणून. जुन्या पंडितांनी त्याची फोड ‘न नन्दति’ अशी केली, म्हणजे कितीही सेवा केली तरी खूश होत नाही ती. जात्यावरच्या ओव्यांतली नणंद आठवली तर ही फोड खरी वाटू लागते, पण ती मागाहून रचलेली आहे. शब्द घरगुती हाकेतून आलेला दिसतो, नना म्हणणाऱ्या लेकरांच्याच तोंडून.

अशा हाका जगभर इतक्या सारख्या का, याचा विचार भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सन यांनी १९६०च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात केला. मानवशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी जगभरातून आई-बापांसाठीचे १०७२ शब्द जमवले होते. त्यांत आईसाठीच्या शब्दांपैकी ५५ टक्के शब्दांत म, न असे अनुनासिक वर्ण होते, तर बापासाठीच्या शब्दांत फक्त १५ टक्क्यांत. याकोब्सन यांचं म्हणणं असं, की अंगावर पिताना बाळाचं तोंड बंद असतं, तेव्हा फक्त नाकातूनच आवाज निघू शकतो. तोच हुंकार पुढे दूध पाहिलं की, मग आई दिसली की, मग काहीही हवं असलं की निघतो. मोठी माणसं तो आवाज उचलतात आणि त्याला नात्याचा अर्थ देतात.

कुठलं नातं, हे मात्र प्रत्येक भाषा आपलं आपण ठरवते. चेचेन भाषेत नाना म्हणजे आई. तेलुगूत नान्ना म्हणजे बाबा, म्हणजे त्या १५ टक्क्यांतला. इंग्रजी घरांत नाना ही आजी. घानामध्ये आकान लोकांत नाना म्हणजे आजी किंवा आजोबा आणि शिवाय राजा-सरदारांची पदवीही. स्पॅनिशमध्ये नाना म्हणजे अंगाई. जॉर्जियातल्या अंगाईगीतांना तर ‘इयावनाना’च म्हणतात, आणि त्याच भाषेत मामा म्हणजे बाप! हिंदीतले आईचे वडील याच पंगतीत बसतात. ही सगळी मंडळी एका पूर्वजाची नाहीत. पाळण्याजवळ असे शब्द पुन्हा पुन्हा जन्म घेतात.

आपले मराठी नानाही याच जातीचे, फक्त त्यांचं एक वैशिष्ट्य आहे. मराठीत नाना हे नातं नाहीच. अण्णा, अप्पा, तात्या, बापू, भाऊ यांच्या रांगेतलं ते आदराचं आणि लाडाचं नाव आहे. नाना बाप असेल, चुलता असेल, थोरला भाऊ असेल, नाहीतर शेजारी असेल. बाळाजी जनार्दन भानू हे नाना फडणवीस झाले, जगन्नाथ शंकरशेट हे नाना शंकरशेट झाले, आणि पेशव्यांच्या घरात तर नानासाहेब एकाहून अधिक. कोणी कोणाचं कोण लागतं याचा या नावाशी संबंध नाही. अण्णा आणि अप्पा द्राविडी भाषांतून आले हे उघड आहे, म्हणून नानालाही तेलुगू नान्नाच्या दारात उभं करायचा मोह होतो. नुसत्या कानाला सारखं लागतं म्हणून मी ते करणार नाही. मराठीच्या सर्वांत जवळचा वापर मला दिसतो तो तमिळ बोलणाऱ्या मुसलमान घरांत, विशेषतः श्रीलंकेत. तिथे थोरल्या भावाला नाना म्हणतात.

तेव्हा तुमच्या घरापुरतं सांगायचं तर मुलाने आजोबांना खुशाल नाना म्हणावं. ते त्यांचं नाव आहे. आईच्या वडिलांना नाना म्हणावं, तो नात्याचा शब्द आहे. मुलं असल्या गोष्टींत कधी गोंधळत नाहीत. आणि हिंदीतले दादा आजोबा, मराठीतला दादा थोरला भाऊ, हे तर त्यांना नाहीतरी शिकायचंच आहे.

सारखेपणा किती फसवतो, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण गुजरातीत आहे. तिथे आईच्या वडिलांना नाना म्हणतातच, पण ‘नानुं’ म्हणजे लहान. म्हणून गुजरातीत ‘नाना भाई’ म्हणजे धाकटा भाऊ. मुंबईत एका जिन्यावर समोरासमोर राहणाऱ्या दोन घरांत नाना हा एकीकडे थोरला आणि दुसरीकडे धाकटा असू शकतो. हा गुजराती नानुं आपल्या नानाचा कोणी नाही. तो आहे आपल्या ‘लहान’चा भाऊ. संस्कृत ‘श्लक्ष्ण’ म्हणजे गुळगुळीत, बारीक, नाजूक. त्याचं प्राकृतात ‘लण्ह’ झालं, आणि तिथून मराठीत लहान, हिंदीत नन्हा, गुजरातीत नानुं. कानाला लहान आणि नानुं यांत काय साम्य आहे? तरी ते सख्खे. व्युत्पत्ती शोधायची ती अशी: आवाज कसे बदलत गेले याची साखळी जोडून दाखवता आली पाहिजे. ती जुळली तर वेगळे दिसणारे शब्दही भाऊ ठरतात, नाही तर हुबेहूब दिसणारे परके.

परक्यांची यादी लांब आहे. जपानीत नाना म्हणजे सात. सातला ‘शिचि’ असाही शब्द आहे, पण तो एकसाठीच्या ‘इचि’सारखा ऐकू येतो आणि त्यातला ‘शि’ मृत्यूची आठवण करून देतो, म्हणून मोजताना बरेचदा नानाच पसंत करतात. हिब्रूत नाना म्हणजे पुदिना, अरबी ‘नअनाअ’चा सोयरा. रायगडातून इस्राएलला गेलेल्या मराठीभाषक बेने इस्राएल घरांत चहातला नाना आणि खुर्चीतले नाना एकाच वेळी असू शकतात. इटालियनमध्ये नाना म्हणजे ठेंगणी बाई. त्या मागचा ग्रीक ‘नानोस’ आपल्याकडे नॅनो होऊन आला.

आणि एक नाना मराठीच्या खिशात आहे, असं काही अभ्यासक मानतात. कनिष्काच्या नाण्यांवर नाना नावाच्या देवीची प्रतिमा आणि ग्रीक लिपीत तिचं नाव आहे. अफगाणिस्तानात रबातक इथे १९९३ साली सापडलेल्या शिलालेखात तर कनिष्काला राज्य नानाकडून आणि सर्व देवांकडून मिळालं, असं म्हटलं आहे. ही देवी मूळची मेसोपोटेमियातल्या उरुकची नानाया. तिच्या नावावरून ‘नाणक’ हा शब्द आला असावा, असा तर्क आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत नाणक आहे, आणि नाणकापासून आपलं नाणं आलं, हे शेवटचं पाऊल तर निर्विवाद. पहिलं पाऊल मला पटण्यासारखं वाटतं, कारण प्राकृतात ‘न’चा ‘ण’ होणं नित्याचं आहे.

लिहिताना एवढं पाहावं. ‘नाना तऱ्हा’, ‘नाना रंग’, ‘नाना प्रकार’ हे सुटं लिहिलं तर शोभतं. ‘नानाविध’ आणि ‘नानारंगी’ हे समास आहेत, ते जोडूनच. नानाच्या पुढचं नाम अनेकवचनीच हवं. आणि ‘नाना प्रकारचे विविध पदार्थ’ असं वाक्य दिसलं, तर ‘विविध’ खोडून टाकावं.