प्रोपेलरचं ट्रेनर विमान नीट उडवता येतं. आता रिमोटचं जेट बनवायला घेऊ का? डक्टेड फॅन बरा की टर्बाइन?

घ्या की. फॅनच घ्या, म्हणजे नळीत बसवलेला, बॅटरीवर फिरणारा पंखा. इंधन जाळणाऱ्या टर्बाइनचं पुढे बघू. पण तुमच्या प्रश्नात सगळा भर इंजिनावर आहे, तो थोडा हलवा. मीही सुरुवातीला भेटेल त्याला थ्रस्ट, म्हणजे विमान पुढे ढकलणारा जोर, किती लागेल हेच विचारत सुटायचे. तीन जेट बनवली, त्यातलं एक मातीत घातलं, तेव्हा कळलं की वर जायला जेट फार त्रास देत नाही. उतरवताना मात्र जीव टांगणीला लागतो.

तुमच्या ट्रेनरच्या नाकावर प्रोपेलर आहे. विमान रेंगाळत असलं तरी त्याचा वारा शेपटीवर लागत असतो, म्हणून एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी) आणि रडर (डावी-उजवीकडे वळवणारी) ऐकतात. उतरताना वेग पडला की थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर ठरवणारी कांडी, जरासा पुढे सरकवायचा, विमान सावरतं. जेटमध्ये हवा पोटातल्या नळीतून जाते आणि मागून बाहेर पडते. शेपटीला वारा मिळतो तो फक्त विमानाच्या स्वतःच्या वेगाचा. वेग गेला की ताबाही गेला. त्यात थ्रॉटल ढकलल्यावर जोर यायला वेळ लागतो. फॅन त्यातल्या त्यात चपळ. टर्बाइन आयडलला, म्हणजे नुसतं चालू असताना, मिनिटाला तीस-पस्तीस हजार फेरे घेत असतं आणि पूर्ण जोराला त्याला लाखापलीकडे जायचं असतं. एकदम इंधन ओतलं तर ते विझेल किंवा नको तितकं तापेल, म्हणून ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) त्याला बेताबेतानेच चढवतो. त्या दोन-चार सेकंदांत विमान तुमच्यासाठी थांबत नाही.

माझं पहिलं जेट असंच गेलं. धावपट्टीकडे यायचं शेवटचं वळण बाहेर चाललंय असं वाटलं म्हणून मी एलिव्हेटर ओढला. मागे झुकलेला पंख टोकाकडून स्टॉल होतो, म्हणजे तिथे उचल एकदम तुटते. आतल्या बाजूचा पंख खचकन पडला, विमान पाठीवर झालं, मी थ्रॉटल पुढे लोटला, आणि फॅनची किंचाळी अन् जमिनीवरचा धप्प आवाज एकदमच कानावर आले. मोटर शाबूत, बॅटरी अर्धी भरलेली. थ्रस्टची कमतरता नव्हतीच.

म्हणून पहिलं जेट फोमचं, ७० किंवा ८० मिमी फॅनचं, पंख फारसा मागे न झुकलेला आणि फ्लॅप (कमी वेगात उचल वाढवणाऱ्या पंखाच्या मागच्या पट्ट्या) असलेलं घ्या. लढाऊ विमानाच्या देखण्या मॉडेलवर मन जाईल, ते तूर्त आवरा. टर्बाइनला तेल मिसळलेलं केरोसीन लागतं, एक्झॉस्ट पाच-सहाशे अंशांच्या घरात जातो, अग्निशामक हाताशी ठेवावा लागतो आणि कुठेही उडवू देत नाहीत. तरीही हा प्रकार मुळात घरगुती खटपटीतून वाढला याचं मला फार कौतुक आहे. जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंग यांनी घरच्या घरी बनवता येईल असं जे छोटं टर्बाइन तयार केलं, त्याचं कॉम्प्रेसरचं चाक चक्क प्लायवुडचं होतं!

जोडणीत गोंद, सर्व्हो (फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) वगैरे तुम्हाला ठाऊकच आहे. जेटमध्ये वेगळी असते ती नळी. आतून एखादी वायर आडवी गेली, फॅनच्या सांध्यात फट राहिली किंवा हवा आत शिरते ती कड धारदार राहिली, की जोर कमी होतो आणि आवाज कर्कश येतो. माझ्याकडे एकदा आतल्या टेपचं टोक सुटलं होतं. डोळ्यांना काही दिसेना, पण अर्ध्या थ्रॉटलला फर्रर्र असा कागद फडफडल्यासारखा आवाज येई. बोट घालून चाचपलं तेव्हा सापडलं. (बॅटरी काढून मगच. फॅन बोटाला ओळख देत नाही.)

दुसरी तपासणी दोन बोटांची. एलिव्हेटर आणि एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखाच्या फळ्या) कडेला धरून हलवा. टिक् असं जाणवलं तर हॉर्न (फळीवरचा छोटा दांडा), लिंकेज (त्याला सर्व्होशी जोडणारी तार) किंवा सर्व्होच्या दात्यांत ढिलाई आहे. ट्रेनरच्या वेगाला ती खपून जाते. जेटच्या वेगाला फ्लटर, म्हणजे जोराची फडफड, सुरू होते आणि ती फळीच उपटून निघते. फेलसेफला, म्हणजे रिमोटचा सिग्नल तुटल्यावर, थ्रॉटल बंद होतो ना, हेही ट्रान्समीटर बंद करून जमिनीवरच पाहून घ्या, विमान घट्ट धरून.

बॅटरीचा हिशेब आधीच करा. ९० मिमीचा फॅन सहा सेलच्या लायपोवर (लिथियम-पॉलिमर बॅटरीवर) पूर्ण जोरात १०० अँपिअर सहज खेचतो. ५००० एमएएचची बॅटरी त्या दराने ३ मिनिटांत रिकामी. फॅन लहान असला आणि थ्रॉटल कमी-जास्त करत उडवलं तर जरा जास्त पुरेल, पण टायमर ३ मिनिटांवरच ठेवा. उतरायचा पहिला प्रयत्न फसला तर दुसऱ्या फेरीला चार्ज शिल्लक हवा.

जेट तयार होईपर्यंत ट्रेनरवर एक सराव करा. दुरून, सपाट उतारानं या, थ्रॉटल एक-तृतीयांशाच्या आसपास चालू ठेवा आणि शेवटच्या वळणानंतर एलिव्हेटर ओढून विमान लांबवायचा मोह टाळा. जमत नाही असं वाटलं तर खांद्याइतक्या उंचीवर नाही, त्याच्या बरंच आधी थ्रॉटल देऊन पुन्हा फेरी मारा. हे दहातून नऊदा जमलं की जेट मैदानावर न्या. करडा रंग ढगाळ आभाळात विरघळतो, तेव्हा पोटाखाली भडक रंगाचे पट्टे मारा.

गुरुत्वमध्य पहिल्यांदा सांगितलेल्या जागेच्या किंचित पुढेच ठेवा आणि बॅटरी कुठवर सरकवली तिथे पेन्सिलने रेघ मारा. गवतावरून सुटताना विमान बराच वेळ चिकटून राहतं आणि मग एकाएकी उचलतं, तेव्हा ओढलेला एलिव्हेटर लगेच सैल सोडा. वर गेल्यावर, भरपूर उंचीवर, फ्लॅप टाकून वेग कमी करत न्या आणि नाक कोणत्या वेगाला डुलायला लागतं ते बघून ठेवा. उतरताना वेग त्याच्या बराच वर ठेवायचा. आणि पहिल्या उड्डाणाला चाकं आत घेऊच नका, खाली करायची विसरायला नकोत.