दप्तरात सापडलेली काळी वही

‘मुलगा रात्र रात्र जागून ती जपानी मालिका बघतो. परवा दप्तरात काळी वही सापडली, आत वर्गातल्या मुलांची नावं. आम्ही फार घाबरलोय, काय करू?’ मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न मला वेगवेगळ्या पालकांनी जवळजवळ याच शब्दांत विचारलाय. मालिका बहुतेक वेळा एकच असते, ‘डेथ नोट’. वही कधी ऑनलाइन मागवलेली असते, छापील नियमांसकट, तर कधी घरीच तयार केलेली. इथे सांगतेय ती हकिगत नववीतल्या एका मुलाची. त्याची आणि त्याच्या आईबाबांची परवानगी घेतलेली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लाइट यागामी हा जपानमधला एक अतिशय हुशार आणि तितकाच कंटाळलेला शाळकरी मुलगा, वय सतरा. र्‍यूक नावाचा मृत्युदेव, त्यालाही कंटाळाच आलेला, आपली एक वही माणसांच्या जगात टाकून देतो. चेहरा डोळ्यांसमोर आणून त्या वहीत ज्याचं नाव लिहाल तो मरतो. कारण लिहिलं नसेल तर ४० सेकंदांत हृदय बंद पडून. लाइट गुन्हेगारांना मारत सुटतो, लोक त्याला ‘किरा’ म्हणून भजायला लागतात, आणि त्याच्या मागावर ‘एल’ नावाचा गुप्तहेर येतो. तपास करणाऱ्या पोलीस पथकाचे प्रमुख असतात लाइटचेच वडील. कथा त्सुगुमी ओबा यांची, चित्रं ताकेशी ओबाता यांची. मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००३ ते २००६ मध्ये किशोरांच्या साप्ताहिकात क्रमशः आली आणि तिच्यावरची ३७ भागांची मालिका २००६-०७ मध्ये निप्पॉन टीव्हीवर लागली. लागायची मध्यरात्र उलटल्यावर. ‘कार्टूनच तर आहे’ म्हणून रिमोट हातात देणाऱ्या आणि ‘कार्टून असून असलं दाखवतात?’ म्हणून हादरणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या पालकांना मी ही वेळ आवर्जून सांगते.

तर हा मुलगा. शाळेत वह्या तपासायला गोळा केल्या तेव्हा त्याच्या गठ्ठ्यातून दोनशे पानी लाँगबुक निघालं. काळ्या चार्ट पेपरचं कव्हर, त्यावर व्हाइटनरने लिहिलेलं इंग्रजी नाव, आत पहिल्या पानावर पाच नावं. बाईंनी मुख्याध्यापकांना दाखवलं, मुख्याध्यापकांनी आईबाबांना बोलावून घेतलं, आणि ‘समुपदेशकांचं पत्र आणल्याशिवाय वर्गात बसवता येणार नाही’ असं सांगितलं. बाबांनी त्याच संध्याकाळी वायफायचा पासवर्ड बदलला, मोबाइल कपाटात ठेवला आणि मुलाला तासभर ऐकवलं. मुलाने एका शब्दाने उत्तर दिलं नाही, आणि बाबांना सगळ्यात जास्त त्याचंच भय वाटत होतं. ‘मॅडम, तो रडला असता तरी चाललं असतं,’ ते मला म्हणाले.

आईने वही कॅरीबॅगेत गुंडाळून आणली होती. मी ती टेबलावर तशीच राहू दिली आणि मुलाला विचारलं, ‘ही मी तुझ्या परवानगीशिवाय उघडणार नाही. चालेल?’ त्याने खांदे उडवले. एवढं सगळं झाल्यावर परवानगी विचारणारं कुणी भेटेल अशी त्याची अपेक्षा नसावी.

आईबाबा बाहेर जाऊन बसल्यावर मी त्याला वहीबद्दल काहीच विचारलं नाही. ही मालिका पाहिलेल्या प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारते, तो विचारला: ‘तू लाइटच्या बाजूने कुठपर्यंत होतास?’

त्याने पहिल्यांदा मान वर केली. ‘तुम्ही बघितलंय?’

‘हो. सगळे भाग.’

‘सातव्या भागापर्यंत,’ तो म्हणाला. मग जरा थांबून, ‘म्हणजे दुसऱ्या भागातच थोडं कसंतरी झालं होतं, तो टीव्हीवरच्या माणसाला मारतो तेव्हा. पण सातव्यात नाओमी मिसोरा... ती तर काहीच वाईट करत नव्हती ना.’

हा प्रश्न मला कुठल्याही छापील चाचणीपेक्षा जास्त सांगून जातो. नाओमी ही एफबीआयची माजी अधिकारी. तिचा होणारा नवरा किराच्या मागावर असताना मारला गेलेला असतो. तिला एक महत्त्वाचा दुवा सापडतो आणि तो पोलिसांना सांगायला ती येते, पण गाठ पडते लाइटशी. लाइट गोड बोलून तिचं खरं नाव काढून घेतो. तोवर ‘गुन्हेगारांना शिक्षा’ म्हणणारा हा मुलगा आता केवळ स्वतःची कातडी वाचवायला एका निरपराध बाईला संपवतो, आणि तेही ती स्वतःच जीव देईल अशा रीतीने. कितीतरी प्रेक्षक इथे लाइटची साथ सोडतात. काही आधीच सोडतात. काही जण पंचविसाव्या भागापर्यंत, एल मरेपर्यंत, लाइटसोबत राहतात आणि त्यानंतर मालिकाच सोडून देतात. ‘एल गेला, मजा गेली’ हे तर मी कितीदा ऐकलंय. माझे कान टवकारतात ते फक्त एका उत्तराला: ‘मी शेवटपर्यंत त्याच्याच बाजूने होतो, आणि त्याने अजून लोकांना मारायला हवं होतं.’ त्या उत्तराचा अर्थ मूल धोकादायक आहे असा मी लावत नाही. मात्र पुढची भेट लवकरची ठरवते.

नाओमीचा भाग पाहिल्यावर त्या रात्री झोप आली नाही, असं तो म्हणाला. मग खाली बघत, अगदी हळू: ‘मॅडम, पण सुरुवातीला तो मला बरोबर वाटत होता. भारी वाटत होता. म्हणजे माझ्यात काही गडबड आहे का?’

घरात आणि शाळेत सगळे त्याच्याबद्दल हीच शंका घेत होते, पण त्याला स्वतःलाही ती छळत असेल हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मालिका बघून अस्वस्थ झालेली मुलं आणि मोठी माणसंही शेवटी याच जागी येऊन थांबतात. कॉलेजातली एक मुलगी ‘परफेक्ट ब्लू’ हा सातोशी कोन यांचा १९९७ चा चित्रपट बघून आली होती. त्यातल्या नायिकेला खरं काय आणि भास काय हे कळेनासं होतं. ही मुलगी विचारत होती, ‘मला ते इतकं पटलं, म्हणजे मलाही तसंच काही होणार का?’ पडद्यावरचं भीषण दृश्य चार दिवसांत फिकं पडतं. त्या दृश्यापाशी आपल्याला काय वाटलं, ते मात्र माणूस आत घेऊन फिरतो आणि कुणाजवळ बोलत नाही.

मी त्याला विचारलं, ‘लाइट पहिल्यांदा कुणाला मारतो?’

‘तो पाळणाघरात मुलांना ओलीस ठेवणारा.’

‘आणि दुसऱ्यांदा?’

‘रस्त्यावर एका बाईला त्रास देणारा बाइकवाला.’

‘मग लिहिणाऱ्याने हे दोघंच का निवडले असतील?’

तो विचार करू लागला, आणि पुढची वीस मिनिटं आम्ही दोघं पहिला भाग उलगडत बसलो. कॅमेरा कुणाच्या खोलीत असतो, मनातलं बोलणं कुणाचं ऐकू येतं, मरणाऱ्याबद्दल आपल्याला काय काय सांगितलेलं नसतं. या मालिकेची रचनाच अशी आहे की आधी तुम्ही लाइटच्या खांद्यावर हात टाकून चालायला लागता आणि बरंच पुढे गेल्यावर कळतं की आपण कुठे आलोय. प्रेक्षक फसला नाही तर गोष्टच उभी राहत नाही. अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलंय की माणसं वाईट कृत्य करताना त्याला आधी उदात्त हेतूचा मुलामा देतात, सौम्य नाव देतात, समोरच्याचं माणूसपण पुसून टाकतात. मग मनाची टोचणी लागत नाही. लाइट नेमकं तेच करतो. खुनाला न्याय म्हणतो, मेलेल्यांना कचरा म्हणतो. हे मी त्याला जरा सोप्या भाषेत सांगितलं. तो म्हणाला, ‘म्हणजे तो स्वतःलाच गंडवतो.’ नववीतल्या मुलाकडून याहून चांगलं उत्तर मला नको होतं.

यानंतर त्यानेच वही माझ्याकडे सरकवली.

पाच नावं. एकाचंही आडनाव नव्हतं. मालिकेच्या नियमाप्रमाणे खरं, पूर्ण नाव लागतं. त्या एका गोष्टीवर अर्धं कथानक उभं आहे. हा नियम त्याला माहीत नसेल हे शक्यच नव्हतं. मी विचारलं, ‘आडनावं?’

‘मुद्दामच नाही लिहिली.’

मी थोडी निवांत झाले खरी, पण तेवढ्यावर थांबता येत नाही. म्हणून मी सरळ विचारलं. यांच्यापैकी कुणाला खरंच इजा करावीशी वाटते का? कशी, कधी, असं काही डोक्यात आहे का? त्यासाठी काही जमवलंयस का? स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का, आपण नसलेलं बरं असं वाटतं का? झोप, जेवण, मित्र, पूर्वी आवडायचं आणि आता आवडेनासं झालंय असं काही? पालक हे प्रश्न टाळतात, विचारल्याने भलतंच डोक्यात शिरेल या भीतीने. तसं होत नाही. स्पष्ट विचारल्यावर मुलं बहुधा सुटकेचा श्वास टाकतात. यातल्या एकाही ठोस प्रश्नाला ‘हो’ आलं असतं तर माझा रस्ता वेगळा होता: आईबाबांना लगेच आत बोलावणं, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणं, मुलाला एकटं न सोडणं. अशा वेळी जवळपास कुणी नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास चालू, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं.

त्याची उत्तरं ‘नाही’ अशी आली, आणि ती पटण्यासारखी होती. मग मी एकेक नाव विचारत गेले.

पहिले तिघं त्याच्याच स्कूल व्हॅनमधले. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी याचा डुलकी लागलेला, तोंड उघडं असलेला फोटो काढला आणि त्याचे व्हॉट्सॲप स्टिकर बनवले. वर्गाच्या ग्रुपवर कुणी काहीही टाकलं की खाली हे स्टिकर. शाळेत तो दिसला की तीच तोंडं करून दाखवणं. चौथं नाव होतं व्हॅनवाल्या काकांचं. त्यांना सांगायला गेला तर तेही हसले. पाचवं नाव एका सरांचं, ज्यांनी भर वर्गात ‘काय रे, झोपलास का?’ म्हणून सगळ्या वर्गाला हसवलं होतं. सरांना स्टिकरबद्दल माहीत होतं की नव्हतं, त्याला ठाऊक नव्हतं. मला वाटतं, नसावं.

वही बाईंनी पाहिली, मुख्याध्यापकांनी पाहिली, आईबाबांनी पाहिली. ‘हे कुठून शिकलास’ हे सगळ्यांनी विचारलं. ‘ही मुलं कोण आहेत आणि त्यांनी काय केलं’ हे एकानेही विचारलं नाही. अर्थात घाबरलेल्या माणसाला मालिकाच आधी दिसते, कारण ती बंद करता येते. चीनमध्ये तेच झालं. २००५ मध्ये शेनयांगमधल्या शाळांत ‘डेथ नोट’च्या वह्यांवर बंदी आली, आणि २०१५ मध्ये तिथल्या सांस्कृतिक मंत्रालयाने ज्या ३८ जपानी ॲनिमे (ॲनिमेशन मालिका) आणि मांगांना मनाई केली त्यांतही ही होतीच. मालिका मुलांपर्यंत पोहोचू नये म्हणून असलं काही करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. तेरा-चौदाव्या वर्षी एकट्याने रात्री दोन वाजता बघण्याची ही गोष्ट नाहीच. पण या मुलाची मालिका आधीच बघून झाली होती, आणि स्टिकर रोज येत होते.

आईबाबांना आत बोलावलं. काय सांगायचं आणि काय नाही हे मुलाशी आधी ठरवून घेतलं होतं. आईला स्टिकरचं कळल्यावर ती रडली. बाबा मात्र पुन्हा मूळ मुद्द्यावर आले: ‘ते सगळं ठीक आहे मॅडम, पण मग ही मालिका बघू द्यायची का?’

मी त्यांना म्हटलं, ‘तुम्ही बघा. त्याच्यासोबत. सुरुवातीचे दोन भाग, मधे एकही शब्द न बोलता, आणि संपल्यावर त्याला बोलू द्या.’ त्यांना हे फारसं पटलेलं दिसलं नाही. तरी त्यांनी पाहिली, आणि दोन भागांवर थांबले नाहीत. पुढच्या भेटीत त्यांना लाइटबद्दल, वहीबद्दल काहीच बोलायचं नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता लाइटच्या वडिलांमध्ये, सोइचिरो यागामींमध्ये. प्रामाणिक पोलीस अधिकारी, मुलावर संशय आला म्हणून स्वतःलाही कोठडीत बंद करून घेणारा माणूस. ‘अहो, मरेपर्यंत त्या माणसाला कळत नाही हो आपल्या पोराचं. समाधानाने जातो तो, मुलगा निर्दोष आहे म्हणून.’ मुलगा शेजारी बसून बापाकडे बघत होता. मी काही बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती.

शाळेचं काम जास्त किचकट निघालं. मी पत्र दिलं, पण त्यात फक्त ‘मुलापासून धोका दिसत नाही’ एवढंच लिहून थांबले नाही. मुलाच्या संमतीने व्हॅनमधल्या छळाचंही लिहिलं. शाळेला ते फारसं आवडलं नाही. एका घरच्या पालकांनी ‘मुलं मजा करतात हो’ म्हणून उडवून लावलं. दुसऱ्या घरची आई स्वतः मुलाला घेऊन आली आणि त्याने माफी मागितली. तिसऱ्याने जुना ग्रुप सोडून नवा काढला आणि स्टिकर तिकडे गेले. ते थांबायला बाईंना दोनदा पालकसभेत विषय काढावा लागला. व्हॅन या मुलाने सोडलीच, आता सायकलने जातो. सरांशी मी बोलले. ते वरमले आणि दुसऱ्या दिवशी मुलाला स्टाफरूममध्ये बोलावून बोलले. काय बोलले, हे मुलाने मला सांगितलं नाही.

वही अजून त्याच्याकडेच आहे. फाडावी की ठेवावी यावर घरात वाद झाला तेव्हा निर्णय त्याच्यावर सोपवायला मी सुचवलं होतं. पहिलं पान त्याने फाडलं आणि मागच्या पानांवर आता र्‍यूकची चित्रं आहेत, सफरचंद खाणारा. बरी काढतो.

मध्यंतरी आईचा फोन आला. आवाजात काळजी होतीच, पण पहिल्यासारखी नव्हती. ‘मॅडम, आता “मॉन्स्टर” म्हणून सुरू करायचंय म्हणतो. जर्मनीतल्या जपानी डॉक्टरची आहे. चौऱ्याहत्तर भाग आहेत हो! बघू देऊ?’

मी विचारलं, सहामाही कधी आहे. पुढच्या सोमवारपासून, ती म्हणाली. मग सहामाही झाल्यावर, मी म्हटलं, आणि रात्री अकराच्या आत.