सिलिकॉनवर लोहाचे नॅनोकण टाकूनही कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) उगवत नाहीत, नुसती काजळी येते. तापमान वाढवू का?

वाढवू नका. तुम्ही लिहिलंय की वेफर, म्हणजे सिलिकॉनची चकती, हायड्रोफ्लोरिक आम्लात धुतला, त्यावर लोहासाठी फेरिक नायट्रेटचं द्रावण स्पिन कोट केलं (गरगर फिरवून पातळ पसरवलं) आणि ८०० अंशांवर अ‍ॅसिटिलीन सोडलं. माझा संशय त्या धुण्यावरच आहे. आम्लाने वरचा ऑक्साइड निघून जातो, लोह उघड्या सिलिकॉनवर बसतं आणि त्या तापमानाला दोन्ही मिळून आयर्न सिलिसाइड होतं. कॅटॅलिस्टच, म्हणजे ट्यूब वाढवणारं लोहच, उरला नाही, तर ट्यूब वाढणार कशावर? भट्टी आणखी तापवलीत तर लोह आणखी लवकर संपेल आणि अ‍ॅसिटिलीन वेफरवर पोहोचण्याआधीच तुटून काजळी वाढेल.

तुम्ही नाशिकचेच, म्हणून सांगतो: खारवट जमिनीत द्राक्षवेल थेट न लावता डॉगरिजच्या खुंटावर कलम करतात ना, तसा इथे मध्ये थर लागतो. थर्मल ऑक्साइडवाला, म्हणजे तापवून वर ऑक्साइडचा थर वाढवलेला वेफर घ्या. त्यावर १० नॅनोमीटर अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड) मिळाला तर फारच उत्तम, कारण त्यावर कण जागेवरून फारसे हलत नाहीत.

खरी गंमत कणांच्या आकारात आहे. कण जेवढा, साधारण तेवढीच ट्यूब जाड. १-२ नॅनोमीटरच्या कणावर एकभिंती, मोठ्यावर बहुभिंती. हायड्रोजनमध्ये जास्त वेळ तापत ठेवलंत तर मोठे कण लहानांना गिळतात. म्हणून द्रावण पातळ ठेवा आणि तापमान गाठलं की कार्बनचा गॅस सोडायला रेंगाळू नका.

अ‍ॅसिटिलीन सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीकडचा वेल्डिंगचा सिलिंडर आहे का? त्यात गॅस अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेला असतो. सिलिंडर रिकामा होत जातो तशी अ‍ॅसिटोनची वाफ जास्त येते, मग एका रनचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही. जमलं तर एथिलीन वापरा. त्यात किंचित पाण्याची वाफ मिसळून जपानमधले संशोधक केंजी हाता यांच्या गटाने २००४ मध्ये १० मिनिटांत २.५ मिलिमीटर उंचीच्या ट्यूब वाढवल्या होत्या. कणांवर चढणारी काजळी ते पाणी काढून टाकतं. पण हे नंतर.

आणि मध्येच लाइट गेली तर आधी हायड्रोजन नि अ‍ॅसिटिलीन बंद करा, आर्गॉन चालू ठेवा. एक्झॉस्टही तेव्हा बंद पडलेला असतो.

पुढच्या रनला एकाच बोटमध्ये (भट्टीत नमुने ठेवायच्या तबकात) दोन तुकडे ठेवा, एक आम्लात धुतलेला, एक ऑक्साइडवाला. मग दोन्हींचं रामन (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशाचा वर्णपट) काढा. १०० ते ३०० सेंटिमीटर व्यस्तमध्ये बारीक शिखरं दिसली तर एकभिंती ट्यूब आल्या. १३५० आणि १५९० च्या आसपास नुसते रुंद फुगवटे असतील तर बहुधा काजळीच, पण बहुभिंती ट्यूबची खात्री एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) खाली पाहूनच करा.